दोन पावलं डोहाकडे

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. तीही मध्यरात्री वगैरे नाही, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. भुतं बाराच्या ठोक्याला येतात असं ज्यांना वाटतं त्यांना खुशाल वाटू दे. आमचं आलं ते ड्युटीच्या वेळेत.

खोटं वाटलं तर सोडून द्या. मला कुणाची शाबासकी नकोय.

मी वायरमन आहे. अठरा वर्षं खांबावर चढतोय. आमचं सब-स्टेशन नदीच्या अलीकडे आणि निम्मी वस्ती पलीकडे. मध्ये फरशी. फरशी म्हणजे पूल नाही. नदीच्या तळावरच ओतलेला सिमेंटचा रस्ता, जेमतेम एक गाडी जाईल एवढा. कठडा नाही, काही नाही. पावसाळ्यात वरून पोटरीभर गढूळ पाणी वाहतं आणि खाली शेवाळ. एका अंगाला दगडधोंडे. दुसऱ्या अंगाला डोह.

खरा पूलही आहे, नाही असं नाही. पण त्याला चाळीस किलोमीटरचा वळसा. लाइन बंद पडल्यावर लोक शिव्या घालायला सुरुवात करतात, तेव्हा वळसा कोण घालत बसणार?

आम्हाला फरशी ओलांडायला शिकवलं ते मास्तरांनी. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता, उलट स्वतः सातवी नापास. आमच्यातलेच सगळ्यात जुने वायरमन. पण शिकवायची भारी हौस, म्हणून मास्तर. पावसात मोटरसायकल चालवताना ते कामाचे जाड रबरी हातमोजे घालायचे. आम्ही हसायचो. "हसा, हसा. पकड सुटली की रडाल," म्हणायचे.

त्यांच्याकडे बांबूची एक काठी असायची. फरशीशी आलं की गाडी उभी करायची, आणि काठी आपटत पायी जाऊन यायचं.

ठक... ठक... ठक...

"आवाज आला तर खाली फरशी आहे. नाही आला तर मुकाट्याने मागे फिर आणि घरी जाऊन झोप," मास्तर सांगायचे. "पहिला गिअर. क्लच दाबायचा नाही. पुढच्या ब्रेकचं तर नावसुद्धा काढायचं नाही. एक्सलेटर एकसारखा. आणि पाण्याकडे बघायचं नाही रे बाबा! वाहतं पाणी डोळ्याला ओढतं. जिकडे डोळा, तिकडे चाक."

"मग बघायचं कुठे, मास्तर?"

"हाताकडे."

ही आमची पद्धत. पहिला जाणारा नेहमी एकटा जाणार. मागे कुणी बसायचं नाही. तो पलीकडच्या काठावर फरशीच्या बरोब्बर मधोमध उभा राहून उजवा हात वर करणार. मागून येणाऱ्याने त्या हातावर नजर लावून सरळ त्याच्या अंगावर गाडी आणायची. पाणी बघायचं नाही, फरशी बघायची नाही, फक्त हात.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. पण आमच्या धंद्यात माणूस दुसऱ्याच्या हातावरच जगतो. खाली उभा असलेला हात वर करतो, म्हणजे लाइन क्लिअर, तारेत करंट नाही, आणि वर चढलेला तार धरतो. खात्री करत बसत नाही. ज्याने हात वर केला त्याने केली असणार खात्री.

आता भाऊजी. म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचा नवरा. तेही वायरमन. मला नोकरीला त्यांनीच लावलं. दिलदार माणूस, हसरा, कुणाच्याही मदतीला धावणारा. पण बाटली दिसली की गेला कामातून. एकदा ड्युटीवर पिऊन असताना त्यांनी "लाइन क्लिअर" म्हणून हात वर केला... आणि लाइन चालू होती. वर चढलेल्याचा हात कोपरापर्यंत भाजला. जीव वाचला एवढंच.

सगळ्यांनी झाकून नेलं. मास्तरांनी नाही.

"मी सगळं लिहून काढलंय," त्यांनी भाऊजींना माझ्यासमोर सांगितलं. "गुरुवारी पलीकडे जायचंय, तेव्हा साहेबांच्या हातात देणार. तुझ्या पाठीमागे करत नाहीये, म्हणून आधी सांगतोय."

भाऊजी हसले. म्हणाले, "द्या की, मास्तर. तुमचंही बरोबरच आहे."

गुरुवारी आम्ही तिघं फरशीशी आलो. पाऊस थांबला होता. मास्तरांनी काठी आपटून बघितली. फरशी ठीक होती. मग भाऊजी पहिले गेले, पलीकडे मधोमध उभे राहिले, हात वर केला. मागून मास्तर निघाले. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून शर्टाच्या आत ठेवलेले. मी शेवटचा, अलीकडच्या काठावर गाडी चालू करून थांबलेलो.

चार दहा झाले असतील, मास्तर निम्म्यात पोचले.

आणि भाऊजींनी दोन पावलं टाकली...

डोहाच्या बाजूला.

हात तसाच वर.

मास्तरांची गाडी अगदी शांतपणे त्या हाताच्या मागे वळली. नजर पाण्यावर नव्हतीच. त्यांनीच शिकवलेलं! शेवटच्या दहा फुटांत मागचं चाक शेवाळावर सरकलं. गाडी आडवी झाली, आणि डोहात गेली. साधा ओरडण्याचा आवाजसुद्धा आला नाही.

भाऊजी दोन पावलं परत आले. मधोमध उभे राहिले. मग त्यांनी बोंब ठोकली.

तिसऱ्या दिवशी मास्तर सापडले. कागद नव्हते. उजव्या हातातला मोजाही नव्हता.

पोलिसांनी मला विचारलं. मी म्हणालो, "शेवाळावरून चाक घसरलं."

ते खोटं नव्हतं. चाक घसरलंच होतं. उरलेलं मी गिळलं.

का गिळलं? ताईसाठी. आई दिवसभर कामावर जायची तेव्हा ताईनेच मला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं. तिचा संसार मी माझ्या तोंडाने मोडू? नाही जमलं मला. पण त्या दिवसापासून भाऊजी हसले की माझं डोकं फिरायचं. पंक्तीला शेजारी बसायचो, "घे रे बारक्या, अजून घे" म्हणायचे, आणि वाटायचं, ताट उचलून तोंडावर मारावं.

आम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. मी बघितलंय हे त्यांना ठाऊक आहे की नाही, तेही मला कळत नव्हतं.

भाऊजींनी साहेबांच्या मागे लागून खांबावरची ड्युटी सोडली आणि सब-स्टेशनच्या ऑपरेटरची घेतली. खोलीत बसायचं, मीटर बघायचे, फोन घ्यायचा. नदी ओलांडायची गरजच नाही.

आठवडाभर सगळं ठीक चाललं.

मग फोन यायला लागला...

नदीपलीकडे आमची एक स्विच-खोली आहे. मास्तर पलीकडची लाइन बंद करून तिथूनच फोन करायचे. वाक्य ठरलेलं, "लाइन क्लिअर. मी स्वतः बघितलंय." ते गेल्यापासून त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांच्या कपाटात.

तरी रोज दुपारी चार दहाला तिथून फोन वाजायचा.

भाऊजी उचलायचे. ऐकायचे. ठेवून द्यायचे. कपाळावर घाम मात्र दिसायचा.

एकदा ते बाहेर गेलेले असताना मी उचलला.

आधी नुसतं पाणी वाहत असल्याचा आवाज.

मग काठी... ठक... ठक... ठक...

"लाइन क्लिअर. मी स्वतः बघितलंय."

मास्तरांचाच आवाज! मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. तेवढ्यात तो आवाज हळूच म्हणाला,

"तूही बघितलंस ना?"

मी फोन आपटला. त्या रात्री मला ताप भरला. बायकोला म्हणालो, उन्हात काम केलं. बाहेर पाऊस पडत होता.

ताईच्या घरीही काहीतरी चालू होतंच. एकदा गेलो तर ती हसत सांगते, "अरे, बाथरूममधून ठकठक येते रोज. प्लंबर बोलावला, तो म्हणतो पाइप ठणठणीत आहेत. आणि तुझ्या भाऊजींचं नवीनच! आंघोळीला डोळे गच्च मिटून बसतात. बादलीतल्या पाण्याकडे बघत नाहीत. म्हातारचळ अजून लांब आहे म्हणावं."

मीही हसलो. काय करणार?

अकरा महिने गेले. पुन्हा पावसाळा आला, पुन्हा फरशीवर पाणी चढलं. आणि एका दुपारी पलीकडून निरोप आला. आमची आई पडली होती, शुद्ध हरपली होती. ती राहते पलीकडेच. वळशाचा रस्ता दोन दिवसांपासून खचलेला. डॉक्टरला यायला रात्र होणार होती.

ताईचा पाय तेव्हा मुरगळलेला. चालता येत नव्हतं.

"मला घेऊन चला," ताई भाऊजींना म्हणाली. भाऊजींनी किल्ली खिशातच ठेवली. "माझी आई तिकडे मरायला टेकलीये आणि तुम्ही पाण्याला काय घाबरताय? वायरमन ना तुम्ही?"

भाऊजींनी गाडी काढली.

फरशीशी आलो. मी काठीने चाचपत जाऊन आलो. पाणी पोटरीभर, फरशी शाबूत. मी पहिला जाणार, म्हणजे एकटा. ताई भाऊजींच्या मागे बसणार. मी गाडीला किक मारणार, तेवढ्यात भाऊजी जवळ आले. त्यांनी माझी कॉलर धरली. रागाने नाही, बुडणारा धरतो तशी.

"बारक्या," ते हळूच म्हणाले. "तू मधोमध उभा राहशील ना?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. अकरा महिने त्यांना ठाऊक होतं की मी बघितलंय.

"म्हणजे काय, भाऊजी?" मी म्हणालो. "मागे ताई बसलीये."

मी ओलांडलं. पलीकडच्या चिखलात मधोमध उभा राहिलो. हात वर केला. घड्याळ मनगटावर होतं, ते डोळ्यांसमोर आलं. चार वाजून नऊ मिनिटं.

आता जे सांगतो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हात वर करून उभा असताना माझ्या मनात आलं... दोन पावलं. फक्त दोन. पोटात जळणारा अकरा महिन्यांचा राग एका मिनिटात विझला असता. पण ताई मागे होती! विचार आला आणि गेला. माणसाच्या मनात काय काय येतं, सगळंच करतो का तो?

मी हललो नाही. माझ्या आईची शपथ, मी जागचा हललो नाही.

भाऊजी निघाले. पहिला गिअर. गाडी एकसारखी येत होती. ताईने त्यांच्या कमरेला मिठी घातलेली. निम्म्यात आले.

आणि मला दिसलं, त्यांची नजर माझ्यावर नाहीये.

माझ्या बाजूला आहे...

दोन पावलं बाजूला. डोहाकडे.

"भाऊजी! इकडे! माझ्याकडे बघा!" मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. हात जोरजोरात हलवला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शांत दिसत होते. भरवशाचा हात दिसल्यावर माणूस दिसतो तसे.

माझ्या उजव्या कानाशी आवाज आला.

ठक... ठक... ठक...

मला मान वळवता आली नाही. खरंच नाही आली. ओल्या रबराचा वास मात्र नाकात शिरला.

गाडी वळली. मागचं चाक शेवाळावर सरकलं. आणि भाऊजी गाडीसकट डोहात गेले... तिथेच. अगदी तिथेच.

ताई मात्र फरशीवर होती. निम्म्यात, पोटरीभर पाण्यात बसलेली, नुसती माझ्याकडे बघत. मी धावत जाऊन तिला उचललं. ती म्हणाली, "मला कुणीतरी मागून ओढलं." तिच्या रेनकोटच्या खांद्यावर पाच बोटं उमटली होती. काळी, जाड. उजव्या हाताची. तो रेनकोट आम्ही पुढे तीनदा धुतला. डाग गेला नाही.

संध्याकाळी पोलीस आले. इन्स्पेक्टरने विचारलं, "तुम्ही कुठे उभे होता?" मी दाखवायला गेलो.

मधोमध चिखलात एकही ठसा नव्हता.

ठसे दोन पावलं डोहाच्या बाजूला होते. बुटांचे, खोल, बराच वेळ उभं राहिल्यासारखे. डाव्या टाचेचा तुकडा उडालेला. एकदा ठिणगी पडून वितळला होता तो.

ते माझे बूट होते.

अंधार पडत आलेला. मी पटकन त्या ठशांवर जाऊन उभा राहिलो. का, ते विचारू नका. "इथेच कुठेतरी, साहेब," म्हणालो.

मग त्यांनी ताईला विचारलं. ताईने माझ्याकडे बघितलं.

"शेवाळावरून चाक घसरलं," ती म्हणाली.

माझंच वाक्य. शब्दाला शब्द.

आई वाचली. आता हिंडते-फिरते, जावयाच्या आठवणीने डोळे पुसते. सब-स्टेशनचा तो फोन त्या दिवसापासून वाजलेला नाही. ऑपरेटरची ड्युटी आता मी करतो. चार दहाला मी फोनकडे बघत बसतो आणि तो वाजत नाही. वाजायचा तेव्हा बरं होतं म्हणायची वेळ आलीये.

सहा महिन्यांनी ताई मला एकटीला... चुकलो, मी एकटा असताना ताई माझ्याजवळ बसली. तर ती म्हणाली,

"बारक्या, मी तुला बघितलं."

"काय बघितलंस?"

"तू आधी मधोमध होतास. मग दोन पावलं सरकलास. हात वर तसाच. आणि हसत होतास रे." तिचा आवाज चढला नाही, रडलीही नाही. "मी कुणाला सांगणार नाही. तू माझा पाठचा भाऊ आहेस, तुला मी वाढवलंय. फक्त एवढंच सांग, का?"

काय सांगू? मी सरकलो नाही म्हणू? चिखलातले ठसे मी स्वतः बघितलेत. तो मी नव्हतो, मास्तर होते म्हणू? मग विचारेल, मास्तरांचं तुझ्या भाऊजींशी काय वैर होतं? तिच्याजवळ तेवढंच उरलंय हो, नवरा चांगला होता एवढंच. तेही मीच हिसकावू?

मी गप्प बसलो. गप्प बसायची मला सवय आहे.

ती उठून चहा ठेवायला गेली.

आता तिचा पाय बरा आहे, आणि पुन्हा पावसाळा लागलाय. दर रविवारी आम्ही दोघं आईला भेटायला पलीकडे जातो. ताई माझ्या गाडीवर बसत नाही. तिने एक बांबूची काठी घेतलीये. फरशीशी आलं की उतरते आणि काठी आपटत, पायी, एकटी पुढे जाते.

ठक... ठक... ठक...

पलीकडे पोचली की वळते. उजवा हात वर करते. मी पहिला गिअर टाकतो. पाण्याकडे बघत नाही, फरशीकडे बघत नाही. शिकवलंय तसं फक्त तिच्या हाताकडे बघतो आणि निघतो.

मागच्या रविवारी मी निम्म्यात होतो, आणि मला वाटलं... ती किंचित सरकली.

मी हातावरची नजर काढली नाही. पलीकडे पोचलो, तेव्हा चाक फरशीच्या अगदी कडेवर होतं. ताई म्हणाली, "नीट आलास." आणि काठी घेऊन आईच्या घराकडे चालू लागली.

आज शनिवार आहे.